‘सेवेमुळे मंडळी जागी झाली’ : या वाक्यातला कर्ता कोण?

ख्रिस्ती इतिहासावर किंवा समाजसेवेच्या इतिहासावर वाचायला लागलात, की एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल. शब्द थोडे बदलतील, पण आशय तोच: ‘चर्चने गरिबांची सेवा केली आणि त्या सेवेतून चर्चलाच नवं जीवन मिळालं.’ रोमन साम्राज्यातल्या साथींबद्दल हे लिहिलं जातं, असिसीच्या फ्रान्सिसबद्दल लिहिलं जातं, अठराव्या शतकातल्या मेथडिस्ट चळवळीबद्दलही लिहिलं जातं. वाक्य ऐकायला चांगलं आहे. पण सिनॉप्सिसमध्ये ते जसंच्या तसं टाकलंत, तर कमिटीसमोर पहिलाच प्रश्न येईल: ‘हे कशावरून म्हणता?’

या लेखात ते वाक्य एका केसवर तपासून बघू. केस आपल्या जवळची आहे: पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आणि तिथली १९०५ ची जागृती. (हे केडगाव पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं. नगरजवळचं केडगाव वेगळं. नोट्स काढताना हा घोळ होतो, म्हणून आधीच सांगतो.)

आधी घटनाक्रम

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावला आधी घेतलेली शेतजमीन होती. तिथेच मुक्ती उभं राहिलं. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून वगैरे आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं. मुक्तीच्या वृत्तान्तांनुसार सुरुवातीला ७० च्या आसपास मुली येत, काही महिन्यांत त्या ५५० झाल्या. जूनअखेरीस जे घडलं त्याला मराठी ख्रिस्ती लोक ‘संजीवन’ म्हणतात: मोठमोठ्याने रडणं, पापाची कबुली, तासन्‌तास एकत्र प्रार्थना. पुढे मुलींचे गट करून त्या आसपासच्या गावांत उपदेशाला जाऊ लागल्या.

आता हे सगळं एका ओळीत सांगायचं तर मोह काय होतो? ‘रमाबाईंनी दुष्काळग्रस्तांची सेवा केली, त्यामुळे संजीवन आलं.’ इथेच थांबा. या ओळीत मला तीन अडचणी दिसतात.

पहिली अडचण: ‘नंतर’ आणि ‘मुळे’

संजीवन दुष्काळसेवेनंतर आलं, हे खरं. पण ‘नंतर’चं ‘मुळे’ करायला पुरावा लागतो. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी जागृती झाली होती आणि तिच्या बातम्या केडगावला पोचत होत्या. त्याआधी १९०३ मध्ये रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना ऑस्ट्रेलियातल्या जागृतीची माहिती घ्यायला पाठवलं होतं. १९०५ मध्येच खासी टेकड्यांतही जागृती झाली. म्हणजे ही लाट मोठी होती, मुक्ती त्या लाटेतलं एक ठिकाण होतं.

उलट बाजूनेही तपासा. दुष्काळात अनाथ मुलं सांभाळणारी संस्था एकटी मुक्ती नव्हती. अमेरिकन मराठी मिशननेही सांभाळली, इतर मिशनांनीही. नुसत्या सेवेने संजीवन येत असेल, तर ते सगळीकडून सारख्याच जोराने सुरू व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. तेव्हा ‘सेवा’ हा शब्द इतका मोकळा ठेवून चालणार नाही. कुठली सेवा, कशी सेवा, कोणाच्या हातातली सेवा, हे फोडून सांगावं लागेल.

फोडून बघितलं तर मुक्तीत काय दिसतं? तिथली सेवा म्हणजे फक्त अन्नछत्र नव्हतं. मुली तिथेच राहत, लिहायला-वाचायला शिकत, शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकत आणि मोठ्या झालेल्या मुली लहानांना सांभाळत. संस्था कोणत्याही एका पंथाच्या किंवा परदेशी बोर्डाच्या ताब्यात नव्हती, एका भारतीय बाईच्या हातात होती. वाचता येणाऱ्या शेकडो मुली, एकत्र राहणं, रोजची ठरलेली वेळ आणि बाईने बाईला शिकवायची सवय. यातून प्रार्थनेचे गट उभे राहणं समजू शकतं. माझ्या मते कारणाची साखळी मांडायची तर अशी मांडावी: दुष्काळसेवेने एक प्रकारचं संघटन तयार केलं आणि बाहेरून आलेल्या लाटेने त्या संघटनाला पेट दिला. हे म्हणणंही तपासावं लागेलच, पण निदान तपासता येईल असं आहे. ‘सेवेमुळे संजीवन’ हे तपासताच येत नाही.

दुसरी अडचण: नवं जीवन कोणाला मिळालं?

‘चर्चने गरिबांची सेवा केली आणि चर्च नवं झालं.’ शाळेत करायचो तसं वाक्याचं पृथक्करण करा. कर्ता चर्च. गरीब हे सेवेचे धनी, पण क्रिया त्यांची नाही. फळ पुन्हा चर्चला. गरीब या वाक्यात येतात, उपयोगी पडतात आणि निघून जातात.

मुक्तीत हे बसत नाही. मराठी ख्रिस्ती बोलीत चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, आणि मला वाटतं आपल्या प्रश्नासाठी हा शब्द जास्त कामाचा आहे. चर्च म्हटलं की इमारत, बिशप, मिशन बोर्ड डोळ्यांसमोर येतात. मंडळी म्हणजे जमलेली माणसं. केडगावला जमलेली माणसं कोण होती? दुष्काळातून आलेल्या मुली आणि विधवाच. सेवा करणारी एक मंडळी आणि सेवा घेणारे दुसरे, असे दोन गट करायला गेलात तर दुसऱ्या गटातूनच पहिला तयार झालेला दिसतो.

खुद्द रमाबाईसुद्धा या दोन खणांत मावत नाहीत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीत गेले. त्या आणि त्यांचा भाऊ पुढे मैलोन्‌मैल पायी भटकले. १९०७ च्या ‘अ टेस्टिमनी’त त्यांनी हे सांगितलं आहे. मध्य प्रांतात मुली आणायला गेलेली बाई स्वतः भुकेतून वाचलेली होती.

मग बदल नेमका कशात झाला? ‘नूतनीकरण’ हा शब्द संशोधनात वापरायचा तर त्याची लक्षणं ठरवावी लागतात. सभासद किती वाढले, हे एक लक्षण. पण मुक्तीत मला यापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक, बोलण्याचा अधिकार. ज्यांना घरात आणि गावात तोंड उघडायची सोय नव्हती, त्या मुली उघड प्रार्थना आणि उपदेश करायला लागल्या.

दोन, उपासनेची रीत. मुलींच्या मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेवर टीका झाली, तेव्हा रमाबाई त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. भारतीय माणसांनी पाश्चात्त्यांच्याच शिस्तीत देवापुढे उभं राहिलं पाहिजे असं नाही, ही त्यांची भूमिका होती.

तीन, भाषा. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं. साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी त्याची छपाई केली. १९२२ मध्ये निधन होण्याआधी रमाबाईंनी काम पुरं करत आणलं आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

याचा परिणाम लांबवर गेला. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याची प्रत चिलीतल्या वालपाराइसोला त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे, म्हणजे मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांच्या पत्नीकडे गेली. १९०९ मध्ये तिथे जी जागृती झाली, तिच्यातून चिलीचं पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती एप्रिल १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. ॲलन अँडरसन यांच्यासारखे इतिहासकार याच आधारावर सांगतात, की पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम एकट्या अमेरिकेत शोधू नका.

तेव्हा आपलं वाक्य दुरुस्त करायचं तर असं होईल: ज्यांची सेवा झाली, त्यांनी मंडळी बदलली. इथे कर्ता बदलला आहे, आणि त्याबरोबर तुमचे रिसर्च क्वेश्चनही बदलतील. ‘मिशनने काय दिलं?’ इतकंच विचारून भागणार नाही. ‘मुलींनी त्याचं काय केलं?’ हेही विचारावं लागेल.

तिसरी अडचण: ‘नाही’ म्हणता येत होतं का?

इथपर्यंत वाचून तुम्हाला सगळं गोड वाटत असेल, तर हा भाग नीट वाचा. उपाशी मुलीला जेवण, निवारा आणि धर्म एकाच हाताने मिळतो, तेव्हा तिच्या श्रद्धेला ‘स्वेच्छा’ म्हणायचं का? हा प्रश्न आजचा नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावर हाच आरोप झाला. पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्यांनी संबंध तोडला. शारदा सदनात निदान पालक तरी होते. दुष्काळातल्या मुलींच्या बाजूने ‘काढून नेतो’ म्हणणारं बहुतेकदा कोणीच नव्हतं.

याचं एका शब्दात उत्तर देणारे दोन्ही बाजूंना सापडतील. कोणी म्हणेल ‘भुकेचा फायदा घेतला’, कोणी म्हणेल ‘मुलींनी मनापासून स्वीकारलं’. दोघांनाही विचारा: मुलींचं स्वतःचं म्हणणं कुठे आहे? मुलींच्या साक्षी छापलेल्या आहेत, पण बऱ्याचशा इंग्रजीत, ‘मुक्ती प्रेअर बेल’सारख्या पत्रकांतून, आणि ती पत्रकं वाचणाऱ्यांत देणगीदारही होते. मुलगी मराठीत किंवा गुजरातीत बोलली, कोणी तरी ते इंग्रजीत उतरवलं आणि छापण्याजोगं तेवढं निवडलं. म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. पण ती कोणासाठी लिहिली गेली, हे आधी विचारायला हवं. ज्या मुली संजीवनात सामील झाल्या नाहीत किंवा मुक्ती सोडून गेल्या, त्यांची साक्ष छापण्याचं कोणाला कारण नव्हतं.

माझं मत विचाराल तर, दबाव आणि कर्तृत्व या दोन गोष्टी एकाच मुलीच्या आयुष्यात असू शकतात. भुकेमुळे ती केडगावला आली, हा तिचा निर्णय नव्हता. आठ-दहा वर्षांनी ती शेजारच्या गावात उभी राहून बोलली, त्यात तिचं काहीच नव्हतं असं म्हणणं मात्र तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणं आहे. पहिली गोष्ट झाकायला दुसरी वापरू नका आणि दुसरी खोडायला पहिली वापरू नका.

मग गॅप कुठे आहे?

रमाबाईंवरचं वाचन मला दोन ढिगांत पडलेलं दिसतं. उमा चक्रवर्तींचं १९९८ चं ‘रीरायटिंग हिस्टरी’ किंवा मीरा कोसंबींचं काम वाचा: भर लिंगभाव, जात, सुधारणा आणि राज्यसत्ता यांवर आहे. पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार वाचा: ते मुक्तीकडे येतात १९०५ साठी आणि दुष्काळ पार्श्वभूमीला राहतो. पहिल्या ढिगात विधवा आहेत, दुसऱ्यात भक्त आहेत. पण बाई तीच आहे. दुष्काळातून आलेली, वाचायला शिकलेली, प्रार्थनेला बसलेली, छापखान्यात खिळे जुळवणारी अशी एकच बाई सलग दिसेल, असं लेखन मला फार थोडं सापडतं.

तुमच्यापैकी कोणाला या विषयात शिरायचं असेल, तर सुरुवातीला तीन गोष्टी करा. ए. बी. शहांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचा. चर्चच्या अधिकाराशी त्या कशा भांडत होत्या, हे कळल्याशिवाय मुक्ती स्वतंत्र का राहिलं ते कळत नाही. देवदत्त नारायण टिळकांचं मराठी चरित्र वाचा, म्हणजे मराठी ख्रिस्ती समाज ही गोष्ट स्वतःला कशी सांगतो ते दिसेल. आणि मुक्तीचे वृत्तान्त वाचताना वहीत दोन रकाने करा: एकीकडे ‘मुलींसाठी केलं’, दुसरीकडे ‘मुलींनी केलं’. प्रत्येक क्रियापद योग्य रकान्यात टाका. काम कंटाळवाणं आहे, आठवडा जाईल. पण कमिटीने ‘हे कशावरून?’ विचारलं, की तुमच्याकडे दाखवायला ती वही असेल.