‘गरुडझेप’ आणि गरुडाचे अन्न : एका प्रतिमेची चिकित्सा

१

‘गरुडझेप’ हा सामासिक शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील पक्षी आता कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परीक्षेतील यश, कारखान्याची भरभराट, खेळाडूचा पराक्रम, छत्रपती शिवाजी महाराजांची १६६६ मधील आग्र्याहून सुटका, ह्या सर्वांना तो सारख्याच सहजतेने लावला जातो. ह्या सर्व उपयोगांत झेपेची दिशा एकच असते : जमिनीकडून आकाशाकडे. वस्तुतः शिकारी पक्ष्याची झेप आकाशाकडून किंवा झाडाच्या फांदीवरून खाली, अन्नाकडे येते. ‘वाघाने हरणावर झेप घेतली’ ह्या वाक्यात झेपेला लक्ष्य आहे आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय ते स्पष्टपणे दाखविते. ‘संस्थेने गरुडझेप घेतली’ ह्या वाक्यात ते स्थान रिकामे आहे. कोणावर, हा प्रश्न तेथे विचारताच येत नाही. समास होताना क्रियेचे लक्ष्य गळाले आणि लक्ष्याबरोबर गरुडाची भूकही गळाली.

हा एका शब्दापुरता अपघात नव्हे. शिकारी पक्ष्यांच्या हालचाली दाखविणाऱ्या शब्दांची मराठीने कशी वाटणी केली आहे हे पाहिले म्हणजे त्यामागील दृष्टी ध्यानात येते. गरुड ‘भरारी’ मारतो. घार आणि गिधाड ‘घिरट्या’ घालतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख न हलविता, वर्तुळे घेत उंची गाठणे ही क्रिया तिन्ही पक्ष्यांची एकच आहे. परंतु एकीच्या नावाने माणसाचा गौरव होतो आणि दुसरीच्या नावाने त्याच्या हेतूविषयी संशय व्यक्त होतो. ‘झडप’ ही घारीची, आणि घारीवरून चोराची. संतवाङ्मयात घारीला वात्सल्याचे रूप लाभले आहे. आकाशात हिंडतानाही तिचे चित्त पिलांपाशी असते. तथापि ती पिलांसाठी काय नेते आणि कोठून नेते, हा भाग तेथेही अध्याहृतच राहतो. गिधाडाच्या वाट्याला तर केवळ शिवी आली आहे. पक्ष्यांची ही उतरंड निसर्गातील नाही. ती भाषेने रचलेली आहे.

रूपकाला प्राणिशास्त्राची परीक्षा लावू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि त्याच्या मर्यादेत तो रास्त आहे. गौरवपर भाषणातील गरुडाने पक्षिशास्त्रज्ञाचे समाधान करावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु हेच शब्द पुढे निरीक्षणाचे म्हणून लिहिलेल्या गद्यात शिरतात, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. लेखकाने रानात जाऊन पक्षी पाहिला असला, तरी त्याच्या हाती असलेले क्रियापद आधीच ठरलेले असेल, तर त्याने काय पाहिले हे क्रियापदच ठरविते.

२

जंगलातील गरुडाची गाठ जवळून पडते तेव्हा तो बहुधा काहीच करीत नसतो. सह्याद्रीच्या रानांत आढळणारा सर्पगरुड उघड्या फांदीवर दीर्घकाळ बसून असतो आणि साप, सरडा किंवा बेडूक दिसताच जमिनीवर उतरतो. त्याच्या पायांवरील खरखरीत खवले सापाच्या दंशापासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण करतात. मोरघार पर्णभारात दडून रानकोंबडी, ससा वा घोरपडीचे पिलू ह्यांची वाट पाहते आणि थोडक्या अंतराचा हल्ला करते. येथे नावाचा एक प्रश्न उपस्थित होतो. पायाच्या बोटांपर्यंत पिसे असलेली ही मोरघार वर्गीकरणाच्या दृष्टीने गरुडच आहे. परंतु ज्यांनी तिला नाव दिले त्यांना उतरंडीशी कर्तव्य नव्हते. त्यांनी तिला ‘घार’ म्हटले आणि तिच्या तुऱ्याकडे पाहून मोर जोडला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी वनाधिकारी म्हणून रानात वावरताना वनवासी जनांकडून अशी नावे गोळा केली आणि त्यांच्या ‘पक्षिकोशा’ने ती ग्रंथबद्ध केली. ह्या कार्याचे महत्त्व केवळ पारिभाषिक नाही. त्या नावांत पक्ष्याकडे पाहण्याची एक वेगळी, निरहंकारी रीत जतन झाली आहे.

काळ्या गरुडाचे उदाहरण अधिक बोलके आहे. लांब पंख आणि पसरलेली टोकाची पिसे ह्यांच्या बळावर तो वृक्षांच्या शेंड्यांवरून अतिशय संथपणे तरंगत जातो आणि इतर पक्ष्यांची घरटी धुंडाळतो. अंडी आणि पिले हे त्याचे आवडते अन्न होय. प्रसंगी तो सबंध घरटेच पायांत धरून नेतो. त्याच्या नख्या इतर गरुडांच्या मानाने कमी वाकड्या आहेत, त्या ह्याच कामासाठी. ह्या पक्ष्याच्या शिकारीत झेप शोधू गेल्यास ती सापडणार नाही. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण घालून हिवाळ्यात भारतात उतरणारा स्टेप गरुड ह्याहून पुढे जातो. जन्मभूमीत तो खारीसारख्या बिळवासी प्राण्यांच्या बिळांपाशी जमिनीवर उभा राहून वाट पाहतो, आफ्रिकेत हिवाळा काढताना पायी चालत वाळवी टिपतो, आणि भारतात मेलेल्या गुरांच्या सांगाड्यांवर गिधाडांच्या शेजारी बसतो.

लेस्ली ब्राउन ह्यांनी केनियातील एंबू भागात एका टेकडीवरील गरुडांच्या घरट्यांची वर्षानुवर्षे पाहणी केली आणि १९५५ मध्ये ‘ईगल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा लेखनात शिकारीच्या क्षणापेक्षा घरट्यावर आलेल्या भक्ष्याच्या नोंदींना अधिक स्थान असते, कारण माणसाला गरुडाच्या निकट जाता येते ते मुख्यतः घरट्यापाशी. शिकार दूर कोठेतरी होते आणि पुष्कळदा फसते. निकटच्या निरीक्षणातून जे हाती लागते ते पराक्रमाचे दृश्य नसून अन्नाचा हिशेब असतो.

हा हिशेब समोर आला की नीतीची भाषा किती लवकर धावून येते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १७८२ मध्ये त्या राष्ट्राच्या मुद्रेवर पांढऱ्या डोक्याचा गरुड कोरला गेला. बेंजामिन फ्रँकलिन ह्यांनी १७८४ मध्ये आपल्या कन्येला लिहिलेल्या पत्रात ह्या निवडीविषयी नापसंती दर्शविली. हा पक्षी मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेच्या कष्टाचे फळ हिरावून घेतो, म्हणून त्याचे शील त्यांना हीन वाटले. फ्रँकलिन ह्यांचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र माणसांच्या न्यायासनावरून काढलेला होता. गौरव करणारे आणि निंदा करणारे, दोघेही गरुडाकडून चारित्र्याचीच अपेक्षा करीत होते. तोच पक्षी २०२४ च्या डिसेंबरात कायद्याने अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी ठरला.

३

गरुडाची भूक पुसून टाकणे ही आपली प्राचीन परंपराच आहे, असे समजण्याचे मात्र कारण नाही. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात श्येन स्वर्गातून सोम आणतो, तेव्हा कृशानू नावाचा धनुर्धर त्याच्यावर बाण सोडतो आणि त्याचे एक पीस गळून पडते. त्या उड्डाणाला किंमत आहे. महाभारताच्या आदिपर्वातील गरुड तर जन्मतःच भुकेला आहे. मातेला दास्यातून सोडविण्यासाठी अमृत आणावयास निघालेला हा पक्षी प्रथम खाण्याविषयी विचारतो. पित्याच्या सांगण्यावरून तो परस्परांशी झुंजणारे हत्ती व कासव नख्यांत उचलतो, ते खाण्यासाठी वटवृक्षाच्या फांदीवर उतरतो, आणि त्या भाराने फांदी मोडते. भक्ष्य घेऊन बसण्याजोगी जागा शोधणारा शिकारी पक्षी ज्याने कधी पाहिला असेल, त्याला ह्या अतिशयोक्तीखालील निरीक्षण ओळखता येईल. पुढे इंद्राकडून गरुड वर मागतो तोही अन्नाचाच : सर्प हे आपले भक्ष्य व्हावे. हाती आलेले अमृत मात्र तो स्वतः पीत नाही. त्याचे मोठेपण महाकाव्याने त्याच्या भुकेसह मान्य केले आहे.

वनपर्वातील श्येन-कपोताख्यानात हाच विषय वादाच्या रूपाने येतो. राजा उशीनर शरण आलेल्या कपोताचे रक्षण करतो, तेव्हा श्येन त्याला विचारतो की माझे विहित अन्न हिरावून घेण्यात कोणता धर्म आहे. मी उपाशी मेलो तर माझी भार्या व पिलेही मरतील, एकाला वाचविताना तू अनेकांना मारीत आहेस. ह्या आख्यानाचे श्रोते राजाच्या त्यागाचे गुणगान करीत आले आहेत, आणि श्येन हा वेषधारी इंद्र होता हे कळल्यावर त्याचा युक्तिवाद केवळ परीक्षेसाठी होता असे मानून ते तो विसरतात. पण राजानेही त्या युक्तिवादाचे खंडन केलेले नाही. त्याने केवळ पर्यायी अन्न देऊ केले, आणि ते स्वतःच्या देहाचे. श्येनाला अन्न लागते, ही गोष्ट राजाने नाकारली नाही. ती नाकारली आहे ती आधुनिक ‘गरुडझेपे’ने.

४

भक्ष्यविरहित गरुड ही केवळ मराठीचीच निर्मिती नव्हे. टेनिसनची १८५१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘द ईगल’ ही सहा ओळींची कविता आपल्या अभ्यासक्रमांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली आहे. तिच्यात कड्यावर स्थिर असलेला गरुड खालच्या समुद्राकडे पाहतो आणि अखेरच्या ओळीत विजेसारखा कोसळतो. सबंध कवितेची निश्चलता त्या एका शेवटच्या क्रियेसाठी साठविलेली आहे, आणि रचनेच्या दृष्टीने ते कौशल्य निर्विवाद आहे. परंतु तो कशावर कोसळतो हे कविता सांगत नाही. पाहणे आहे, पण पाहिलेले काही नाही. शिवाय कवीने पक्ष्याला नख्यांऐवजी हात दिले आहेत. असा पक्षी मनुष्याच्या एकाकी सामर्थ्याचे चित्र होऊ शकतो. त्याला उपाशी राहण्याचे भय नसते.

ह्याच्या उलट जे. ए. बेकर ह्यांचा ‘द पेरेग्रिन’ (१९६७) हा ग्रंथ ठेवून पाहावा. त्याचा विषय गरुड नसून बहिरी ससाणा आहे. ह्या नावातील ‘बहिरी’चा श्रवणाशी संबंध नाही, ते ‘समुद्राचा’ ह्या अर्थाच्या अरबी ‘बह्री’वरून फारसी शिकारशास्त्रामार्गे आलेले आहे. बेकर ह्यांनी इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात दहा हिवाळे ह्या पक्ष्याचा माग काढला आणि ते एकाच हिवाळ्याच्या दैनंदिनीत गुंफले. त्यांच्या काही नोंदींच्या विश्वासार्हतेविषयी पक्षिनिरीक्षकांनी शंका घेतल्या आहेत, आणि ससाणाच होऊन जाण्याची निवेदकाची आस कित्येकदा अतिरेकी वाटते. तरीही एका बाबतीत हा ग्रंथ कसोटीला उतरतो. त्यात पक्षी अंघोळ करतो, वाट पाहतो, चुकतो, पुन्हा चुकतो, मारतो आणि खातो. खाऊन टाकलेल्या पक्ष्यांचे अवशेष निवेदक जमिनीवर वाकून पाहतो. आणि अन्नाकडे असे लक्ष असल्यामुळेच, शेतांवर फवारलेली विषे भक्ष्यातून ससाण्याच्या शरीरात जात आहेत आणि त्यामुळे ही जात नष्ट होऊ पाहत आहे, हे दुःख त्याला आरंभापासून जाणवत राहते.

५

येथे मूळ प्रश्न पुन्हा भारतात येतो. १९९२ ते २००७ ह्या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांमागे एक उरले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये ह्या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनास भारतात बंदी झाली. ‘गिधाड’ ही शिवी भाषेत टिकली. गिधाड मात्र बहुतेक आकाशांतून नाहीसे झाले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की राजस्थानात मेलेली गुरे टाकण्याच्या जागेवर मृत सापडलेल्या स्टेप गरुडांच्या देहातही तेच औषध होते आणि मरणाची लक्षणेही तीच होती. भाषेने ज्यांना उतरंडीच्या दोन टोकांना बसविले होते, ते दोन पक्षी एकाच पंगतीत, एकाच अन्नाने मेले. स्टेप गरुडाची गणना आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींत होते.

ह्या मृत्यूंना शब्द कारणीभूत झाले, असे कोणी म्हणणार नाही. परंतु गरुड मृत मांस खातो हे ज्या भाषेच्या वाचकाला कधी सांगितलेच गेले नाही, त्याला ह्या बातमीत प्रथम गरुडाची मानहानी दिसते आणि धोका नंतर, किंवा दिसतच नाही. अन्न वगळणाऱ्या प्रतिमेतून विषही दिसेनासे होते. ह्या अर्थाने प्रतिमेची चिकित्सा हे केवळ अलंकारशास्त्राचे काम राहत नाही.

मराठी निसर्गलेखनाचे परीक्षण करताना म्हणून एक साधी कसोटी उपयोगी पडावी. शिकारी पक्ष्याविषयीच्या उताऱ्यात त्याने काय खाल्ले, त्यासाठी किती वाट पाहिली, आणि नेम चुकल्यावर काय केले, ह्यांपैकी कशाचे उत्तर मिळते ते पाहावे. एकाचेही मिळत नसेल, तर तो उतारा कितीही ओजस्वी असला तरी लेखकाने पक्ष्याऐवजी शब्द पाहिला असे समजावे. ह्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज नाही. टपणे, दबा धरणे, हुकणे, निसटणे, उचलणे, ओरबाडणे ही क्रियापदे मराठीत पूर्वीपासून आहेत. त्यांना मानाचे स्थान नाही, एवढेच; आणि गरुडाला मात्र त्यांच्याखेरीज एक दिवसही काढता येत नाही.