‘लेणें’ शब्दाची व्युत्पत्ति : कांहीं आक्षेप

डोंगरांत कोरलेल्या लेण्यांस ‘सह्याद्रीचीं लेणीं, म्हणजे अलंकार’ असें म्हणण्याची आपल्याकडे रूढि आहे. कोटी म्हणून ती गोड आहे व तीस कोणाची हरकत असूं नये. परंतु स्थलवर्णनपर पुस्तिकांतून हीच कोटी व्युत्पत्ति म्हणून सांगितलेली आढळते. जुन्नरजवळील लेण्याद्रीस माहात्म्यांत ‘लेखनपर्वत’ असें नांव दिलें आहे, त्यावरून ‘लेणें’ हा ‘लेखना’चा अपभ्रंश असेंही कित्येक मानतात. दोन्ही मतें टिकण्यासारखीं नाहींत.

प्रथम अलंकार. काजळ लेणें, कुंकू लेणें, दागिने लेणें हें क्रियापद असून अलंकारवाचक ‘लेणें’ हें त्याचेंच धातुसाधित नाम आहे. डोंगरांतील लेण्याशीं या क्रियापदाचा कोणताच अन्वय लागत नाहीं. दोन्ही नामें नपुंसकलिंगी व दोहोंचीं रूपें एकच, एवढ्यामुळें घोटाळा झाला. मराठी भाषा तयार होण्याच्या कित्येक शतकें पूर्वी हा दुसरा शब्द शिलालेखांत ‘लेण’ या रूपानें वावरत होता. नाशिक येथील दहाव्या लेण्यांत उषवदाताचा, वर्ष ४२ चा, लेख आहे. त्यांत तो तीन हजार कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवतो. दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे. पहिल्या रकमेच्या व्याजांतून, ‘माझ्या लेण्यांत’ वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावे, अशी तरतूद आहे. कार्ले येथील लेखांत वलूरकच्या ‘लेणवासी’ प्रव्रजितांच्या निर्वाहार्थ करजिक गांव दिला आहे. अलंकारांत कोणी पावसाळा काढीत नाहीं.

आतां ‘लेखन’. येथें वर्णविचारच निर्णायक आहे. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यांतील वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षाच्या लेखांत ‘सुख’, ‘दुख’ हे शब्द खकारासह कोरलेले आहेत. म्हणजे त्या काळच्या त्या प्राकृतांत स्वरमध्यस्थ ‘ख’ अद्याप शाबूत होता. ‘लेखन’ शब्द असता तर ‘लेखण’ असें रूप दिसलें असतें. पण त्याच लेखांत ‘लेण’ असें स्वच्छ आहे. तेव्हां ‘लेखनपर्वत’ हें मूळ नव्हे. पुढें कोणा माहात्म्यकारानें लोकांच्या तोंडच्या शब्दास नेसविलेलें तें सोवळें होय. असलीं सोवळीं आमच्या पुराणांतून ठिकठिकाणीं भेटतात.

खरी व्युत्पत्ति संस्कृत ‘लयन’ ही आहे. ‘ली’ म्हणजे चिकटणें, टेकणें. त्यापासून आलय, निलय, आणि तसेंच लयन, म्हणजे टेकण्याची जागा. ‘अय’चा ‘ए’ होणें नित्याचें आहे : ‘नयति’पासून ‘नेतो’, ‘त्रयोदश’पासून ‘तेरा’. पालींतही हाच शब्द येतो, आणि तेथील एक स्थळ मला फार महत्त्वाचें वाटतें. चुल्लवग्गांत भिक्षूंस पांच प्रकारच्या लेणांची अनुज्ञा आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. गुहा ही पांचांतील केवळ एक! म्हणजे पोकळी हा या शब्दाचा मूळ अर्थच नव्हे; निवारा हा मूळ अर्थ. महाराष्ट्रांत निवारे खडकांत खोदले गेले, म्हणून येथें शब्दास पोकळीचा अर्थ चिकटला.

अमरकोशही याच बाजूस साक्ष देतो. त्यांत आलय-निलय हे पुरवर्गांत, घरांबरोबर बसले आहेत. गुहा मात्र शैलवर्गांत, आणि तीही देवखात, म्हणजे मनुष्यानें न खोदलेली. फलकांवर लेण्यांस सर्रास ‘गुंफा’ वा ‘गुहा’ लिहिलेलें दिसतें, तें या दृष्टीनें सदोष आहे. गयेजवळच्या बराबर डोंगरांतील अशोकाच्या लेखांत अशाच कोरींव दालनांस ‘कुभा’ म्हटलें आहे. तेथें तो शब्द योग्यच, पण तो आपल्याकडचा नव्हे.

जाता जातां दुसरा एक शब्द नोंदवितों. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनें त्याच दहाव्या लेण्यांत दिलेल्या खोलीस लेखांत ‘ओवरक’ म्हटलें आहे, संस्कृत ‘अपवरक’. देवळाच्या आवारांतील आपली ‘ओवरी’ ती हीच. जुन्या कागदांत ‘लेणें’ वा ‘ओवरी’ यांचें दान आढळल्यास संग्राहकांनीं पुढील-मागील ओळी पाहूनच अर्थ ठरवावा. एका मित्राच्या संग्रहांतील नकलेंत ‘लेण्याचें पाणी’ हे शब्द आले होते. नक्कलकारानें समासांत त्यावर दागिन्याच्या तेजाची टीप दिली होती. कागद मात्र टाक्याच्या हक्काविषयींचा होता.