एकाच वर्षाचे दोन अहवाल

शिक्षणविषयक अहवालांस कोणी वाङ्मय म्हणत नाहीं, आणि ते वाचण्याचें काम ज्यांच्यावर नोकरीमुळें येऊन पडतें त्यांच्याखेरीज ते कोणी वाचीतहि नाहीं. आमच्या मतें यांत वाचकांचें मोठें नुकसान आहे. आपल्या मुलांविषयीं एखाद्या समाजाच्या मनांत खरोखर काय आहे, हें त्या समाजाच्या काव्यापेक्षां अशा अहवालांतच अधिक उघडपणें दिसतें. कारण काव्यांत मुलांचें कौतुक असतें, तर अहवालांत त्यांचें पुढें काय करावयाचें याचा निर्णय असतो. धंदेशिक्षणाच्या बाबतींत असे दोन निर्णय १९३७ या एकाच वर्षीं आपल्या देशापुढें आले. एक ॲबट आणि वुड या दोन इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यांचा, व दुसरा डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा. यांपैकीं दुसऱ्याचा आपल्या समाजानें जयघोष केला आणि पहिल्याचें अनुकरण केलें. जयघोष झाला तो भलत्याच कारणासाठीं आणि अनुकरण झालें तें अर्धवट, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १८५४ च्या प्रसिद्ध खलित्यांत लोकांस त्यांच्या त्यांच्या स्थितीस उपयोगी पडेल असें व्यावहारिक ज्ञान मिळावें, अशी इच्छा प्रदर्शित केलेली आहे. परंतु त्यानंतर ज्या शाळा उभ्या राहिल्या त्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. १८८२ च्या हंटर कमिशननें हा दोष ओळखून माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या वर्गांत दोन फांटे सुचविले : एक विद्यापीठाकडे जाणारा, आणि दुसरा व्यापार व तत्सम व्यवहारोपयोगी विषयांकडे जाणारा. त्याच कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमांतच लेखन, वाचन व हिशेब यांच्या जोडीला शेतीचें प्राथमिक ज्ञान असावें, अशी मागणी होती. या दोन सूचना वरवर पाहतां सारख्या वाटतात. पण त्यांत मूलगामी भेद आहे. कमिशननें धंद्याचें ज्ञान विद्यापीठाच्या वाटेस न जाणाऱ्यांसाठीं बाजूला काढून ठेविलें. फुले यांनीं तें मुलाच्या पहिल्या पाटीशेजारीं आणून ठेविलें. पुढील साऱ्या वादाचें बीज या भेदांत आहे.

मध्यंतरीं कांहीं चांगल्या संस्था निघाल्या. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. बडोद्यास १८९० सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं कलाभवन उभारलें. गज्जर हे सुतारकाम करणाऱ्या जातींत जन्मलेले व रसायनशास्त्राचे अध्यापक. हातोडी आणि परीक्षानळी या दोहोंचें नातें त्यांना कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. धंद्याचें शास्त्र कारागिराला त्याच्या स्वतःच्या भाषेंतून सांगितलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठीं देशी भाषेंत ग्रंथ तयार करविण्याचा उद्योगहि त्यांनीं आरंभिला. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनांत शिकले. ज्या हातांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घडविला त्यांना वळण लावण्यांत या संस्थेचाहि वांटा आहे. हस्तकौशल्य शिकविल्यानें बुद्धीची झेप खुंटते असें म्हणणारांनीं हें उदाहरण विचारांत घ्यावें. परंतु या संस्था दीपस्तंभासारख्या एकेकट्याच राहिल्या. देशव्यापी विचार झाला तो १९३७ सालीं.

ॲबट व वुड हे १९३६-३७ च्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत आले. त्यांचा अहवाल कोरडा, नेमका, एकहि अलंकार नसलेला असा आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : सामान्य शिक्षणाच्या शाळा-कॉलेजांची जशी एक उतरंड आहे तशीच धंदेशिक्षणाची दुसरी, तिला समांतर, अशी उतरंड असावी, आठव्या इयत्तेनंतर कनिष्ठ आणि अकरावीनंतर वरिष्ठ धंदेशाळेंत प्रवेश असावा, दोन्ही प्रकारचें शिक्षण एका छपराखालीं देऊं नये, आणि कारखान्यांना जेवढीं माणसें लागतील त्यांच्या फार पुढें जाऊन धंदेशाळा काढूं नयेत. शेवटची सूचना कित्येकांना कद्रूपणाची वाटली. आम्हांस ती दयाळूपणाची वाटते. हातांत कसब आहे पण काम नाहीं, असा तरुण तयार करण्यापेक्षां अधिक निष्ठुर गोष्ट कोणती असेल? शिवाय सामान्य शिक्षण आणि धंदेशिक्षण हे एकाच अखंड क्रियेचे आधीचे व नंतरचे टप्पे होत, असेंहि त्यांनीं स्पष्टपणें मांडलें आहे. नोकरींत असलेल्या कामगारांसाठीं अर्धवेळ वर्ग आणि प्रत्येक प्रांतांत धंदेशिक्षणाचें सल्लागार मंडळ, याहि त्यांच्याच सूचना.

या अहवालाचा दोष त्याच्या हिशेबांत नाहीं. ज्या समाजासाठीं हा हिशेब मांडला त्या समाजाच्या ओळखींत आहे. समांतर रेषा कागदावर सारख्याच उंचीच्या काढतां येतात. पण ज्या देशांत चामड्याचें, लांकडाचें व सुताचें काम पिढ्यान् पिढ्या विशिष्ट जातींच्या वांट्यास आलें, आणि लेखणीचें काम दुसऱ्या विशिष्ट जातींच्या, तेथें दोन वेगळ्या इमारती बांधल्या कीं त्यांतील एक वरची आणि एक खालची ठरण्यास फारसा वेळ लागत नाहीं. ॲबट व वुड यांना हें दिसलें नाहीं, किंवा दिसूनहि तें आपलें काम नव्हे असें त्यांनीं मानलें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, आणि तिनें नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनें डिसेंबरांत आपला अहवाल दिला. सात वर्षांचें सक्तीचें व मोफत शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, आणि सर्व शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं गुंफलेलें, अशी ही योजना. तिचें वेळापत्रक फार बोलकें आहे. ५ तास ३० मिनिटांच्या शाळेंत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटें. मातृभाषेला ४० मिनिटें. समाजशिक्षण व सामान्य विज्ञान यांना मिळून ३० मिनिटें. हें वाचून भाषेच्या अध्यापकास धक्का बसणें साहजिक आहे, आणि आम्हांसहि तो बसतो. परंतु समितीचा हेतु यांत्रिकपणें काम करणारे कारागीर निर्माण करणें हा नव्हता; हस्तोद्योगांत जें शिक्षणाचें सामर्थ्य दडलेलें आहे त्याचा उपयोग करून घेणें हा होता, आणि समितीनें तो स्पष्ट सांगितलेला आहे. टकळी फिरवितांना मूल गणित शिकेल, कापसाच्या निमित्तानें भूगोल शिकेल, आणि मुख्य म्हणजे कोणत्याहि जातीचें मूल दुसऱ्या जातीचें काम करतांना लाजणार नाहीं. म्हणजे ही धंदेशिक्षणाची योजना नव्हेच. धंद्याविषयींचा तुच्छताभाव घालविण्याची ती योजना होती.

तिचा दुबळा दुवा दुसरीकडे होता. मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, अशी अपेक्षा परिषदेनें ठेविली. यामुळें मुलाच्या हातीं दिलेलें कसब शिकविण्याचें साधन राहणार कीं विकण्याच्या मालाचें, हा प्रश्न उत्पन्न झाला. प्रो. के. टी. शहा यांनीं या स्वावलंबनाच्या कल्पनेस त्याच वेळीं विरोध केला, आणि आर्थिक बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागें पडेल, हा धोका खुद्द समितीनेंहि नमूद करून ठेविला आहे. आणखी एक आक्षेप गरीब घरांतून आला, व तो सर्वांत वजनदार आहे. विणकराचा बाप म्हणाला, माग तर आमच्या घरींच आहे. मुलाला शाळेंत घालतों तो अक्षरासाठीं. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारलें गेलें त्यांना चाळीस मिनिटांची भाषा ही देणगी वाटली नाहीं, यांत नवल तें काय?

पुढें काय झालें? सभासंमेलनांत वर्धा योजनेची स्तुति चालू राहिली. पण ती साधेपणाची, चरख्याची आणि महात्म्याच्या नांवाची स्तुति होती. सुशिक्षितांनीं आपलीं मुलें त्या शाळांत घातलीं नाहींत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें मूलोद्योगाचें सार ‘कार्यानुभव’ या नांवानें टिकवूं पाहिलें; परंतु ३ तास २० मिनिटांचा तो उद्योग बहुतेक शाळांतून एका तासिकेंत आटला, आणि त्या तासिकेंत कागदाचीं फुलें होऊं लागलीं.

प्रत्यक्ष बांधकाम झालें तें ॲबट-वुड यांच्या आराखड्याच्या धर्तीवर. १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. या संस्थांची निंदा करण्याची आमची इच्छा नाहीं. महाराष्ट्रांतील कारखान्यांना जोडारी, कातारी व वीजतंत्री पुरविण्याचें काम त्यांनीं केलें आहे, आणि ज्या घरांत कधीं महिन्याचा पगार आला नव्हता अशा अनेक घरांत तो आणला आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. आपण इमारत वेगळी घेतली, समान दर्जा घेतला नाहीं. धंदेशाळा घेतली, कामगाराला पुन्हा शिक्षणाकडे आणणारे अर्धवेळ वर्ग मात्र नांवापुरतेच घेतले. त्यामुळें जी समांतर वाट व्हावयाची ती पुष्कळांच्या बाबतींत परतीचा मार्ग नसलेली आडवाट झाली.

या अवस्थेची साक्ष धोरणांच्या भाषेंतच सांपडते. दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकीं ५० टक्के १९८६ पर्यंत धंदेशिक्षणाकडे वळावेत, असें कोठारी आयोगानें म्हटलें. १९८६ च्या धोरणानें उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठीं १९९० पर्यंत १० टक्के व १९९५ पर्यंत २५ टक्के असें ध्येय ठरविलें. १९९२ सालीं तेच आंकडे १९९५ व २००० या सालांवर ढकलले गेले. २०२० च्या धोरणानें पुन्हा ५० टक्क्यांचा आंकडा घेतला, २०२५ ची मुदत दिली. पण आतां शब्द बदलला. पूर्वी विद्यार्थ्यानें धंदा शिकावा अशी अपेक्षा होती. आतां त्याचा धंद्याशीं परिचय व्हावा एवढीच आहे. त्याच धोरणांत बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज दिला आहे : १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकीं रीतसर धंदेशिक्षण घेतलेले भारतांत ५ टक्क्यांहून कमी, जर्मनींत ७५ टक्के, दक्षिण कोरियांत ९६ टक्के. हे आंकडे वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बापाच्या वा उस्तादाच्या हाताखालीं शिकलेला गवंडी या गणनेंत अशिक्षित ठरतो. आपल्याकडे कसब कमी आहे असें यावरून सिद्ध होत नाहीं. कसबाला मान्यतेचा कागद देण्याची तसदी कोणी घेतली नाहीं, एवढें मात्र होतें.

दोन्ही अहवाल आज शेजारीं ठेवून वाचले असतां आम्हांस असें वाटतें कीं, ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून पूरक होते. लहानपणीं सर्वांच्या हातीं काम देऊन कामाची लाज घालविणें, हें झाकीर हुसेन समितीचें कार्य. मोठेपणीं ज्याला धंदा शिकावयाचा त्याला बाजाराची खरी माहिती, चांगलें यंत्र आणि पुढें शिकण्याची वाट देणें, हें ॲबट-वुड यांचें. पहिलें झाल्यावांचून दुसरें हलक्या दर्जाचें ठरतें, आणि दुसरें नसेल तर पहिलें केवळ शाळेंतला खेळ होतो. आपण पहिलें नांवापुरतें उरूं दिलें आणि दुसरें इतरांच्या मुलांसाठीं राखून ठेविलें.

आमचे वाचक बहुतेक शिकल्यासवरल्या घरांतले आहेत. धंदेशिक्षण वाढलें पाहिजे, असें त्यांतील जवळजवळ प्रत्येकजण म्हणेल. आपल्या स्वतःच्या मुलीनें वा मुलानें दहावीनंतर वीजतंत्री होण्याची इच्छा दर्शविली तर घरांत काय बोलणें होईल, याचा मात्र प्रत्येकानें प्रामाणिकपणें विचार करावा. ‘गुण कमी पडले काय?’ हा प्रश्न त्या बोलण्यांत पहिला येत असेल, तर नव्या आयोगाकडून फार अपेक्षा करण्यांत अर्थ नाहीं. सरकारला आंकडे ठरवितां येतात, इमारती बांधतां येतात, कायदे करतां येतात. हा प्रश्न घरांतून काढून टाकणें हें मात्र घरच्या माणसांचेंच काम आहे.