शारीरविज्ञानाची मराठी परिभाषा : मूलभूत संज्ञांची चिकित्सा

प्रस्तावना

मानवी शरीराची घडण सांगणारे शरीररचनाशास्त्र आणि त्या घडणीचे कार्य उलगडणारे शरीरक्रियाशास्त्र या दोन्ही शास्त्रांचे अध्यापन संज्ञांपासून सुरू होते. संज्ञा निश्चित असेल तर पुढील विवेचन सुलभ होते. ती संदिग्ध असेल तर विद्यार्थी शास्त्राऐवजी शब्दांशीच झगडत राहतो. मराठीत या विषयाची परिभाषा नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. वस्तुस्थिती त्याच्या उलट आहे. एकाच घटकासाठी मराठीत दोन-तीन संज्ञा आहेत आणि एकाच संज्ञेला दोन-तीन अर्थ आहेत. प्रस्तुत लेखात काही मूलभूत संज्ञांच्या आधारे या स्थितीची चिकित्सा केली आहे.

संघटनेचे स्तर आणि त्यांची नावे

शरीराची संघटना रासायनिक घटक, पेशी, ऊती, अवयव, संस्था आणि संपूर्ण शरीर अशा चढत्या क्रमाने मांडली जाते. यांपैकी ‘ऊती’ ही संज्ञा विशेष समर्पक आहे. संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणण्याची क्रिया. युरोपीय भाषांतील ‘टिश्यू’ या शब्दाच्या मुळाशीही विणलेल्या वस्त्राचीच कल्पना आहे. समान पेशींचे विणलेले जाळे हा अर्थ नावातूनच सूचित होतो. परिभाषा कशी घडवावी, याचा हा एक चांगला नमुना होय.

‘पेशी’ या संज्ञेची कथा मात्र वेगळी आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत पेशी हे सजीवाचे मूलभूत एकक आहे. मराठी विश्वकोशात त्याच एककासाठी ‘कोशिका’ ही संज्ञा योजली आहे आणि हिंदीतही तीच रूढ आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसाचा विभागलेला पुंज, म्हणजेच आजच्या मराठीतील स्नायू. त्यांची संख्या 500 सांगितली आहे. हिंदी व बंगाली भाषांनी हाच प्राचीन अर्थ राखला आहे. मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुताच्या 900 स्नायू मात्र बंधनकारक दोरीसारख्या रचना आहेत आणि बंगालीत स्नायू म्हणजे चेता.

या गुंतागुंतीचा सर्वाधिक भार आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यावर पडतो. दहावीपर्यंत त्याने पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली असते. ‘रचना शारीर’ या विषयात तीच पेशी हाताने चाचपता येणारा मांसपुंज होते. दोन्ही अर्थ आपापल्या परंपरेत योग्य आहेत. परंतु हा अर्थभेद पहिल्याच तासाला स्पष्ट केला नाही, तर 500 पेशी ही संख्या त्याला प्राचीन आचार्यांचे अज्ञान वाटू शकते. वस्तुतः तो केवळ व्याख्येचा भेद आहे. अस्थींच्या संख्येबाबतही हेच घडते. प्रौढ शरीरात 206 अस्थी मानल्या जातात, तर सुश्रुताने 300 सांगितल्या आहेत. त्याच्या वर्गीकरणात दात ‘रुचक’ आणि कूर्चा ‘तरुण’ या प्रकारांत अस्थींमध्येच मोडतात. संज्ञेची व्याप्ती बदलली की गणनाही बदलते.

मज्जा, चेता आणि शीर

‘मज्जा’ म्हणजे हाडाच्या पोकळीतील मृदू पदार्थ. तेथे रक्तपेशी तयार होतात. परंतु मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था या संज्ञांचा त्या पदार्थाशी काहीही संबंध नाही. हा दोष केवळ मराठीचा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. लॅटिनमध्ये ‘मेड्युला ऑसियम’ म्हणजे अस्थिमज्जा आणि ‘मेड्युला स्पायनॅलिस’ म्हणजे मज्जारज्जू. फरक इतकाच की तेथे विशेषण सक्तीचे आहे. मराठीत विशेषण गाळून नुसते ‘मज्जा’ लिहिले जाते आणि घोटाळा तेथे सुरू होतो. शालेय पुस्तकांनी ‘चेता’ व ‘चेतासंस्था’ या संज्ञा स्वीकारल्या आहेत, विश्वकोशात ‘तंत्रिका तंत्र’ आहे, तर वृत्तपत्रांत मज्जासंस्था टिकून आहे. शाळेत एक संज्ञा, संदर्भग्रंथात दुसरी आणि वर्तमानपत्रात तिसरी, अशी ही विभागणी आहे.

लोकभाषेतील ‘शीर’ याहूनही व्यापक आहे. सलाईन लावताना शीर सापडत नाही, तेव्हा ती रक्तवाहिनी असते. मानेची शीर दबते, तेव्हा ती चेता असते. पोटरीची शीर आखडते, तेव्हा तो स्नायू असतो. लोकभाषेला हे स्वातंत्र्य आहे. परंतु रुग्णाच्या शीर या शब्दामागील अर्थ ओळखणे हे परिचारिका व वैद्य यांच्या प्रशिक्षणाचा भाग असले पाहिजे. शास्त्रीय संज्ञा शिकवणे आणि लोकसंज्ञा दुर्लक्षिणे ही अपुरी तयारी ठरते.

शुद्ध आणि अशुद्ध रक्त

रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणारी आणि नीला म्हणजे अशुद्ध रक्त वाहून नेणारी, ही व्याख्या मराठीत दीर्घकाळ रूढ आहे. ती शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही. फुप्फुसरोहिणी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते, तर फुप्फुसनीला ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणते. रक्त हृदयापासून दूर जाते की हृदयाकडे येते, हाच खरा निकष होय. शिवाय नीलेतील रक्त घाणेरडे नसते. त्यात ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते इतकेच. शुद्ध-अशुद्धतेच्या सामाजिक कल्पना शरीरशास्त्राच्या व्याख्येत शिरल्याने विद्यार्थ्याच्या मनात चुकीचे चित्र उमटते. सुश्रुताच्या मांडणीत रोहिणी रक्तवह आणि नीला पित्तवह सिरा आहेत, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. शब्द जुनेच राहिले आणि आशय पूर्णतः बदलला.

दिशा आणि क्रिया

दिशादर्शक संज्ञांची स्थिती तुलनेने समाधानकारक आहे. उभे शरीर, समोर चेहरा, पुढे वळलेले तळहात ही प्रमाणस्थिती मान्य केली की अग्र-पश्च, ऊर्ध्व-अधर, निकट-दूरस्थ या जोड्या निःसंदिग्ध होतात. रुग्ण झोपलेला असला तरी डोके ‘ऊर्ध्व’च राहते, आकृतीतील डावी बाजू पाहणाऱ्याची नसून शरीराची असते. क्रियांच्या बाबतीत तर मराठीकडे स्वतःचे बळ आहे. छातीची हालचाल म्हणजे श्वासोच्छ्वास आणि पेशीतील ऊर्जानिर्मितीपर्यंत पोहोचणारी प्रक्रिया म्हणजे श्वसन, हा भेद दोन स्वतंत्र शब्दांनी सहज दाखवता येतो. दुर्दैवाने अनेक लेखनांत हे शब्द समानार्थी म्हणून वापरले जातात.

समारोप

संज्ञांची विपुलता हा रोग केवळ मराठीला जडलेला नाही. युरोपातही एकोणिसाव्या शतकात शारीरसंज्ञांची अशीच गर्दी झाली होती. 1895 मध्ये बाझेल येथे संमत झालेल्या सूचीने ती मोठ्या प्रमाणात छाटली आणि 1998 मध्ये ‘टर्मिनोलॉजिया अनाटॉमिका’ ही आंतरराष्ट्रीय सूची प्रसिद्ध झाली. तेथे नवे शब्द घडवण्याइतकेच जुने शब्द सोडून देण्याचे धैर्य महत्त्वाचे ठरले. मराठीलाही नव्या कोशापेक्षा अशा निवडीची अधिक गरज आहे. पेशी, स्नायू आणि चेता या रूढ संज्ञा स्थिर कराव्यात. मज्जा विशेषणाशिवाय वापरू नये. रोहिणी व नीला यांची व्याख्या रक्तप्रवाहाच्या दिशेवरून करावी. आणि संहितेतील भिन्न अर्थ पाठ्यपुस्तकात त्याच पानावर नोंदवावेत. मातृभाषेतून शास्त्र शिकवण्याचा आग्रह धरताना विद्यार्थ्याच्या हाती निश्चित अर्थाचे शब्द देणे ही अध्यापकाची पहिली जबाबदारी आहे. ती पार न पाडता माध्यमबदलाची चर्चा केल्यास इंग्रजीतील दुर्बोधतेची जागा मराठीतील संदिग्धता घेईल.