‘अजिंक्य’ आणि त्याचे सोबती

समानार्थी शब्दांच्या शालेय याद्यांत, आणि क्वचित कोशांतही, अजिंक्य, अजेय, अजित, अपराजित, दुर्जय हे शब्द एका ओळीत बसविलेले आढळतात. ‘ज्याचा पराभव होऊ शकत नाही असा’ एवढा एकच अर्थ त्या सर्वांपुढे लिहिला की काम संपले, अशी समजूत दिसते. ही पद्धत सोयीची खरी. पण तिच्यामुळे निरनिराळी विधाने एकच असल्याचा भास उत्पन्न होतो, आणि तो भास पुढे इतिहासलेखनातही शिरतो.

अजित आणि अपराजित ही भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. आजवर जिंकला गेला नाही, एवढेच ती सांगतात. अपराजित सेनानी उद्या हरला तर कालचे विधान खोटे ठरत नाही. दुर्जय हा शब्द याहून निराळा. त्यातील ‘दुर्’ कष्ट सुचवितो, अशक्यता नव्हे. विष्णुसहस्रनामात अजित, अपराजित आणि दुर्जय ही तिन्ही नामे स्वतंत्रपणे येतात. स्तोत्रात पुनरुक्तीला मज्जाव नसतो हे मान्य करूनही ती एकाच अर्थाची मानण्याचे कारण नाही. राहिला अजेय. येथे पाणिनीने एक सूक्ष्म भेद नोंदविला आहे. जिंकणे शक्य आहे असा अर्थ असेल तर ‘जय्य’ आणि केवळ जिंकण्यास योग्य असा अर्थ असेल तर ‘जेय’, अशी व्यवस्था त्याने सहाव्या अध्यायात लावली. ‘क्षय्य’ व ‘क्षेय’ यांचीही तीच गत. या हिशेबाने जिंकता न येणारा तो अजय्य. संस्कृत कवींनी हा भेद सर्वत्र पाळला नाही आणि महाभारतातही अजेय शब्द अशक्यतेच्या अर्थी खुशाल येतो. गंमत अशी की त्या जोडीपैकी क्षय्य मराठीत ‘अक्षय्यतृतीये’च्या आश्रयाने घरोघर टिकून आहे, अजय्य मात्र प्रचारातून जवळजवळ नाहीसा झाला.

त्याची जागा मराठीने ज्या शब्दाने भरून काढली तो अजिंक्य. हा शब्द दिसतो संस्कृत, पण संस्कृत नाही. आरंभीचा ‘अ’ आणि शेवटचा ‘य’ संस्कृताचे, मधला धातू मात्र मराठी ‘जिंकणे’. जिंकणे हे संस्कृत ‘जि’च्या गोत्रातले असले तरी ‘जिंक्’ असा धातू संस्कृतात नाही. अशक्य, अतर्क्य हे ‘क्य’ने संपणारे शब्द कानाला परिचित होते; त्यांच्या साच्यात मराठी धातू इतका बेमालूम बसला की सांधा दिसेनासा झाला. शुद्धिवाद्यांनी याला संकर म्हणावे. तो नामी संकर आहे. त्याचे स्वतंत्र जीवन एका गोष्टीवरून सिद्ध होते. शक्य आणि अशक्य दोन्ही चालतात, पण ‘जिंक्य किल्ला’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे अजिंक्य हा निषेधाने घडविलेला शब्द असूनही भाषिकांच्या मनात तो अखंडच आहे.

रूपाने हा शब्द अशक्यता सांगतो. प्रयोगात तो तसे सांगतो काय? ‘तो मल्ल पाच वर्षे अजिंक्य राहिला’ हे वाक्य सहज खपते. ‘आत्मा पाच वर्षे अविनाशी राहिला’ हे खपत नाही. अविनाशी शब्दाला मुदत सोसत नाही, अजिंक्याला सोसते. म्हणजे व्यवहारात तो अपराजिताच्या घरात राहावयास गेला आहे. ‘अजिंक्यपद’ या क्रीडाक्षेत्रातील शब्दाने तर कडेलोट केला. अजिंक्यपद मिळविता येते, राखता येते, गमावता येते. ते मिळविणाऱ्याने त्याच स्पर्धेतील एखादा साखळी सामना गमावलेला असला तरी हरकत नसते. येथे शब्दाचा मूळ अर्थ उरलाच नाही, मान तेवढा उरला.

परंतु अर्थ झिजला एवढेच म्हणून भागत नाही. साताऱ्याचा किल्ला 1673 मध्ये शिवाजीमहाराजांनी घेतला, 1700 मध्ये तो औरंगजेबाच्या हाती पडला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. पुढे ताराबाईंच्या कारकीर्दीत मराठ्यांनी तो परत मिळविला, तेव्हा त्याला अजिंक्यतारा हे नाव मिळाल्याचे परंपरा सांगते. थोड्याच काळात शाहूंनी तो ताराबाईंच्या पक्षाकडून घेतला व 1708 च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. नाव देणाऱ्यांना किल्ला एकदा गेल्याचे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? ठाऊक होते म्हणूनच ते नाव दिले. येथे अजिंक्य हे विधान नाही, संकल्प आहे. मुलाचे नाव अजिंक्य ठेवणारे आईबाप तेच करतात. उलट जो जलदुर्ग सिद्द्यांकडून लढून घेणे मराठ्यांना कधीच साधले नाही, त्याचे नाव जंजिरा, म्हणजे अरबी ‘जझीरा’, नुसते बेट.

किल्ल्यांचा व्यवहार ज्यांच्या अंगवळणी पडला होता त्यांची भाषा पाहावी. ‘दुर्ग’ म्हणजे जेथे जाणे कष्टाचे ते. दुर्जयातला तोच ‘दुर्’. ‘बेलाग’ म्हणजे ज्याला लाग नाही, शत्रूला जवळ येण्यास जागा नाही असा. हाही संकरच, उपसर्ग फारसी आणि शब्द देशी. दोन्ही शब्द वाटेविषयी बोलतात, निकालाविषयी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला असून आणखी दरवाजे व चोरदिंड्या ठेवण्यास सांगितले आहे. चोरदिंडी ठेवणारा गड पडण्याची शक्यता गृहीत धरूनच गड बांधतो.

असे असता एखाद्या गडाला अथवा सेनापतीला ‘अजिंक्य’ म्हणून अभ्यासक मोकळा होतो, तेव्हा तो कोणते विधान करीत असतो? पहिल्या बाजीरावाची ख्याती रणांगणावर हार न खाल्लेला सेनानी अशी आहे. ‘अपराजित’ म्हटले तर एकेक मोहीम तपासून ते खरे की खोटे ठरविता येते, पालखेडला 1728 मध्ये काय झाले व भोपाळला 1737 मध्ये काय झाले हे पाहावे लागते. ‘अजिंक्य’ म्हटले की तपासण्याजोगे काही उरतच नाही. कोशातील नोंदीत म्हणून या शब्दापुढे एका अर्थाऐवजी तीन अर्थ हवेत: जिंकता न येणारा, अमुक काळ न हरलेला, आणि तिसरा, नामकरणात व गौरवात, न हरो अशी इच्छा ज्याच्याविषयी आहे तो. अजित, अपराजित व दुर्जय यांच्या नोंदी तेथून निराळ्या कराव्या लागतील.