दुसऱ्या मेंदूला प्रश्न पडत नाहीत

नोट्स कशा ठेवाव्यात यावर यूट्यूबवर इतके व्हिडिओ आहेत की त्यांच्याच नोट्स ठेवायला वेगळं फोल्डर लागेल. या पंथाची सध्याची पोथी म्हणजे टियागो फोर्टेचं 'बिल्डिंग अ सेकंड ब्रेन' (२०२२). पुस्तक सोपं आहे, नीट लिहिलेलं आहे आणि त्यातला निम्मा सल्ला खरंच कामाचा आहे. माझं भांडण उरलेल्या निम्म्याशी आहे, कारण तिथे मुद्दा नोट्सचा राहत नाही, वाचण्याचा होतो.

फोर्टेची मांडणी थोडक्यात अशी: मेंदू हे गोदाम नाही. म्हणून वाचताना जे भिडेल ते उचला आणि बाहेर साठवा. मग चार कप्पे करा: प्रोजेक्ट्स, एरियाज, रिसोर्सेस, आर्काइव्ह्ज. नोट कोणत्या विषयाची आहे हे बघू नका, ती कशासाठी लागणार आहे ते बघा. हा भाग उत्तम आहे. 'मानसशास्त्र' नावाचं फोल्डर कुणी पुन्हा उघडत नाही. 'ऑक्टोबरचं प्रेझेंटेशन' उघडावंच लागतं. पुढे सारांशाची पद्धत येते. उतारा साठवा, पुढच्या खेपेला त्यातली वाक्यं ठळक करा, त्यानंतर ठळकातली काही पिवळी करा, आणि नोट फारच महत्त्वाची असेल तर वर स्वतःच्या शब्दांत सार लिहा.

खोट इथेच आहे. या क्रमात स्वतःचे शब्द सगळ्यात शेवटी येतात, आणि तेही मोजक्या नोट्सच्या वाट्याला. बाकी सगळं निवडणं आहे. निवडताना आपल्याला काहीतरी समजल्यासारखं वाटतं, पण ते तपासलं जात नाही. लेखकाचं वाक्य ठळक करताना आपण त्याच्याशी सहमत आहोत का, हे कुणीच विचारत नाही.

या पंथात ज्याचं नाव देवासारखं घेतात तो निक्लास लूमान (१९२७–१९९८) नेमकं उलट करायचा. हा जर्मन समाजशास्त्रज्ञ बीलेफेल्ड विद्यापीठात शिकवायचा. त्याच्या खणांमध्ये सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या होत्या. वाचताना तो अगदी त्रोटक टाचण करी, आणि मग त्यातून आपल्या कामाचं काय निघतं ते स्वतःच्या वाक्यांत चिठ्ठीवर लिही. चिठ्ठीला विषय नसे, क्रमांक असे. एखादी चिठ्ठी २१/३ असेल, तर तिच्यातून फुटलेला मुद्दा २१/३अ होऊन तिच्या मागे बसे. हा क्रमांक ठरवायचा तर जुन्या चिठ्ठ्या काढून वाचाव्या लागत. साठवणं आणि पुन्हा वाचणं ही एकच क्रिया होती. १९८१च्या एका लेखात त्यानं या पेटीला संवादातला जोडीदार म्हटलं, जो आपल्याला चकित करू शकतो. फोर्टेचा दुसरा मेंदू आज्ञाधारक आहे. लूमानची पेटी वाद घालायची.

पण पेटीची पूजा करण्यातही अर्थ नाही. बीलेफेल्डला रुजू होताना त्याला संशोधनाचा प्रकल्प विचारला गेला. त्याचं उत्तर त्यानंच पुढे नोंदवलं आहे: समाजाचा सिद्धांत, मुदत तीस वर्षं, खर्च शून्य. त्या प्रकल्पाचा समारोप करणारा ग्रंथ १९९७ साली आला. ९०,००० चिठ्ठ्यांच्या मागे एकच हट्टी प्रश्न होता. प्रश्न नसता तर ती रद्दीच.

गंमत म्हणजे फोर्टेचं पुस्तकही हेच सांगतं, फक्त त्याच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला तो स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहितो. घसा दुखायचा, बोलणं अवघड झालं होतं, डॉक्टरांना निदान होत नव्हतं. शेवटी त्यानं आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळवली, संगणकावर घेतली, नीट लावली, आणि त्यातून वाट काढली. पुस्तकातली ही सगळ्यात जिवंत पानं. पण तिथे कागद लावण्याआधी 'मला काय झालंय?' हा प्रश्न होता. पुढे वाचकाला दिलेल्या पद्धतीत कागद लावणं उरतं, प्रश्न गळून जातो. त्याच्या जागी 'भिडेल ते' येतं. फोनवर दिवसभरात भिडणाऱ्या गोष्टी किती असतात हे वेगळं सांगायला नको.

साहित्याच्या बाबतीत तर हे जास्तच नडतं. कादंबरीत जे भिडतं ते सहसा एका वाक्यात मावत नाही. दोनशे पानं एखाद्या माणसाच्या सहवासात काढल्यावर तो 'चहा घेतोस?' एवढंच म्हणतो आणि आपल्याला गलबलून येतं. ते वाक्य उचलून ॲपमध्ये ठेवा, तिथे फक्त चहा उरेल. मग अशा पद्धतीनं वाचणारा हळूहळू उचलण्याजोगी वाक्यं असलेलीच पुस्तकं निवडायला लागतो. मला भीती आहे ती याची.

मराठीत नोट्स ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवली असेल. ऑब्सिडियनसारख्या ॲपमध्ये दुहेरी चौकोनी कंसात शब्द टाकला की दुवा तयार होतो. इंग्रजीत हे बऱ्यापैकी चालतं. आपल्याकडे 'पाणी'चं 'पाण्यात' होतं, 'माणूस'चं 'माणसाला'. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' असलेली नोट सापडत नाही. नोटेला पर्यायी नावं देता येतात, पण विभक्तीची सगळी रूपं कोण भरत बसणार? यावर एक साधा उपाय आहे: नोटेचं नाव एक शब्द ठेवायचंच नाही, पूर्ण विधान ठेवायचं. 'पाणी' नको, 'टँकर आला की विहिरीची चर्चा थांबते' हवं. असं नाव द्यायला आधी काहीतरी म्हणणं असावं लागतं, आणि दुवा द्यायचा तर तो हातानं, विचार करून द्यावा लागतो. सामान्यरूपानं ॲपची सोय मोडली, पण आपल्याला लूमानच्या जवळ नेऊन ठेवलं.

तेव्हा फोर्टेचं पुस्तक वाचायचं का? ऑफिसच्या कामासाठी जरूर वाचा. कप्प्यांचं प्रकरण तर नक्कीच. वाचनासाठी मात्र त्याचा क्रम उलटा करा. पिवळं करण्याआधी एक ओळ स्वतःची लिहा, चुकीची का असेना. लिहिता येत नसेल तर ते वाक्य अजून आपल्याला कळलेलं नाही. पुस्तकातच राहू द्या.