पूर न येणारी सावित्री

गेल्या पावसाळ्यात मी रोह्यापासून खेडपर्यंत रेल्वे बांधली. तीन रात्री लागल्या. ‘ओपन-टीटीडी’ या गेममध्ये कुठल्याही प्रदेशाच्या उंचसखलपणाचं काळं-पांढरं चित्र टाकलं की त्याचा नकाशा तयार होतो. जेवढं पांढरं तेवढं उंच. मी आपल्या भागाचं चित्र टाकलं. माणगाव, महाड, पोलादपूर, खेड ही गावं जागच्या जागी बसवली, सावित्री काढली आणि कामाला लागलो.

तिसऱ्या रात्री पहिली गाडी खेडला पोचली. मग नकाशा झूम आऊट करून पाहिला, तर माझ्या रुळांनी महाडला बाजूला टाकलं होतं. खऱ्या कोकण रेल्वेनंही तेच केलंय. महाड तालुक्यात वीर, करंजाडी, विन्हेरे अशी स्टेशनं आहेत, पण महाड शहरात नाही. माझं गाव हिरकणीवाडी, रायगडाच्या पायथ्याला, महाडपासून पंचवीसेक किलोमीटर आत. ‘रेल्वे आली पण महाडला नाही आली’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आणि पहिली संधी मिळताच मीही महाड वगळलं.

असं का झालं, याचं उत्तर शोधताना हा गेम इतका चांगला का आहे आणि नेमका कुठे कमी पडतो, हे दोन्ही कळत गेलं.

आधी गेमविषयी थोडं. सिड मायर यांचा ‘रेलरोड टायकून’ १९९० साली आला. (योगायोग असा, की कोकण रेल्वे महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षातली.) कर्ज काढा, रूळ टाका, माल वाहा, नफ्यातून आणखी रूळ टाका, हा या सगळ्या जातकुळीचा साचा तिथून आला. १९९४ मध्ये ख्रिस सॉयर यांनी ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ केला, तोही जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेत. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना यातला वेडेपणा सांगायला नको. २००४ पासून हौशी प्रोग्रॅमरांनी तोच गेम नव्यानं लिहून काढला. तो ‘ओपन-टीटीडी’. फुकट, ओपन सोर्स आणि फोनवरही चालणारा. फक्त त्याच्या खिडक्या आणि बटणं माउससाठी केलेली आहेत, त्यामुळे फोनवर बोट शेजारच्याच चौकोनावर पडतं आणि रूळ भलतीकडे वळतो. पहिला आठवडा सोसावा लागेल.

या गेमचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे सिग्नल. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही कायमच्या अडकतात. ही माझी जागा सोडेपर्यंत मी हलणार नाही, आणि ती म्हणते तू हल. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला ‘डेडलॉक’ शिकवला तेव्हा व्याख्या पाठ केली होती, पण कळला तो या गेममध्ये. मग तुम्ही मधे लूप लाइन टाकता, तिथे एक गाडी बाजूला काढता, पुढचा मार्ग मोकळा असल्याशिवाय गाडी लूपमधून सुटणार नाही असा सिग्नल लावता. हे कोणी शिकवत नाही. गाड्या अडकतात, तुम्ही बघता, दुरुस्त करता. चूक डोळ्यांसमोर दिसणं आणि ती आपल्याच हातानं सुटणं, यातलं समाधान फार थोडे गेम देतात.

हे समजल्यावर खरी रेल्वेही वेगळी दिसते. रोहा ते वीर या टप्प्याचं दुहेरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झालं. वीरच्या पुढे खेडकडे एकेरी मार्ग सुरू होतो. म्हणजे दोन पदरी रस्ता आमच्या तालुक्यात येऊन एक पदरी होतो. गणपतीला गावी जाताना गाडी एखाद्या लहानशा स्टेशनात अर्धा तास उभी राहिली की डब्यात कोणीतरी म्हणतंच, ‘क्रॉसिंग आहे.’ आणि बाकीचे मोटरमनला शिव्या घालतात. हा गेम खेळलेला माणूस शिव्या घालणार नाही. त्याला त्या अर्ध्या तासाचं गणित दिसत असतं. एक गाडी वाढवली की तिच्यामुळे थांबणाऱ्या गाड्या किती वाढतात, हे त्यानं हातानं केलेलं असतं.

दुसरं बळ चढाचं. सपाटीवर सुसाट जाणारी मालगाडी दोन पायऱ्यांचा चढ आला की पायी चालल्यासारखी होते आणि तिच्यामागे रांग लागते. बोरघाटात सदतीस मीटर गेल्यावर एक मीटर चढ आहे, म्हणून कर्जतहून गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कोकण रेल्वेच्या आखणीत मात्र दीडशे मीटरला एक मीटर एवढाच चढ धरला. डोंगर तेच सह्याद्रीचे. मग चढ नको असेल तर डोंगर पोखरा आणि दऱ्या ओलांडा. म्हणून त्या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे दोनेक हजार पूल आले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आमच्याकडून खेडला उतरताना लागणारा नातूवाडीचा चार किलोमीटरहून मोठा. हे आकडे शाळेत सामान्यज्ञान म्हणून पाठ केले होते. ते आकडे अटळ का होते, हे गेमनं समजावलं.

आणि महाड का सुटलं तेही. गेममध्ये भाडं मिळतं ते दोन स्टेशनांमधल्या अंतरावर आणि लागलेल्या वेळावर. तुमचा रूळ किती वळणं घेतो याला किंमत नाही, उलट वळणात वेळ गेला की भाडं घटतं. माणगावहून खेडला जाताना महाड पूर्वेला राहतं. तिकडे वळायचं, थांबायचं, पुन्हा कशेडीचा डोंगर समोर घ्यायचा, हे सगळं पदरचे पैसे घालून करायचं. मी हिशेब केला आणि पश्चिमेकडून सरळ गेलो. खऱ्या आखणीमागची सगळी कारणं यात आली असं मी म्हणणार नाही. पण ज्या निर्णयाला मी आयुष्यभर अन्याय म्हणत आलो, तो कुठलाही शहाणा माणूस खुर्चीत बसून घेऊ शकतो, हे मला पहिल्यांदा आतून कळलं. एखाद्या गेमनं एवढं केलं तर ते थोडं नाही.

आता कमतरता. पहिली कमतरता गेमच्या स्वतःच्या मापानंही कमतरताच आहे. पैसा फार सोपा आहे. एक लांबचा कोळशाचा मार्ग नीट बसला की दहा-पंधरा वर्षांत तिजोरी ओसंडते आणि त्यानंतर कुठलाच निर्णय अवघड राहत नाही. गेम धंद्याचा राहत नाही, खेळण्यातल्या रेल्वेचा होतो. या बाबतीत १९९८ चा ‘रेलरोड टायकून २’ खूप पुढे होता. तिथे शेअर बाजार होता, मंदी होती, आणि कारभार बिघडला तर भागधारक तुम्हालाच अध्यक्षपदावरून काढत. कोकण रेल्वेची गोष्ट पैशाच्या बाजूनंही केवढी रंजक आहे बघा. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा लोकांना रोखे विकून उभा केला, आणि त्याच्या व्याजाचं ओझं पुढे कित्येक वर्षं वाहिलं. ‘ओपन-टीटीडी’त बँक एका बटणावर कर्ज देते.

दुसरी कमतरता प्रवाशांची. गेमच्या मूळ नियमात प्रवाशाला कुठेच जायचं नसतं. महाडला चढलेला माणूस रोह्याला उतरवा की खेडला, तो सारखाच खूश. २०१४ पासून प्रत्येक प्रवाशाला ठरलेलं गाव देण्याची सोय गेममध्ये आहे. ती जरूर चालू करा, गेम दुप्पट अवघड आणि चौपट चांगला होतो. पण तरीही त्याला सण नसतो. वर्षभर सारखीच माणसं फलाटावर येतात. भाद्रपदात मुंबईतले सगळे चाकरमानी एकाच आठवड्यात निघतात आणि पुढच्या आठवड्यात परततात, ही कोकणातल्या रेल्वेची खरी परीक्षा. तिच्यासाठी गेममध्ये जागाच नाही.

तिसरी कमतरता मला सगळ्यात जास्त खुपते. ती जमिनीची आणि पाण्याची.

नकाशावर शेतं दिसतात, छान हिरवी-पिवळी. त्यावर रूळ टाकला की साफसफाईचे थोडे पैसे कापले जातात. शेत कुणाचं, हा प्रश्नच नाही. कोकण रेल्वेला चाळीस हजारांहून जास्त जमीनमालकांकडून जमीन घ्यावी लागली. गेममध्ये नाराज होते ती फक्त नगरपालिका, आणि तीही मुख्यतः झाडं तोडली किंवा घरं पाडली तर. मग तुम्ही गावाबाहेर शंभर झाडं लावता आणि पालिका खूश होते. लाच देण्याचंही बटण आहे. हसू येतं, पण हसताना लक्षात येतं की या जगात कंपनी आणि पालिका सोडून तिसरा माणूसच नाही.

आणि पाणी. गेममधली नदी हे निळं चित्र आहे. ती वाहत नाही, चढत नाही. पाऊस पडतच नाही. माझ्या नकाशावर सावित्रीच्या काठाची जमीन सखल होती. तिथे लांब पूल महाग पडत होता म्हणून मी माती टाकून काठ उचलला आणि पूल फक्त पात्रापुरता ठेवला. स्वस्तात काम झालं. एकदा पैसे कापले गेले, विषय संपला.

खऱ्या महाडमध्ये विषय संपलेला नाही. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडालं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्यानंतर महाडमध्ये जी मागणी जोरानं होत राहिली, तिच्यात दासगावजवळचा रेल्वेचा भराव होता. त्यानं सावित्रीचं पाणी खाडीकडे उतरायला अडतं, तो काढून तिथे पाण्याला वाट करा, असं लोकांचं म्हणणं. पुराला बाकीचीही कारणं आहेत. नदीत साचलेला गाळ आहे, भरतीची वेळ आहे, एका दिवसात कोसळणारा पाऊस आहे. भरावाचा वाटा किती, हे मोजणाऱ्यांनी मोजून सांगावं. माझा मुद्दा एवढाच, की भराव घालताना झालेली बचत एकाच्या वहीत जमा होते आणि त्याचा खर्च, असलाच तर, दुसऱ्याच्या दुकानात चिखल होऊन येतो. गेमकडे वही एकच आहे, कंपनीची.

पाऊस रेल्वेलाही सोडत नाही. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेसचे डबे पुलावरून खाली गेले, माणसं गेली. दर पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. ज्या रेल्वेचा जवळपास निम्मा व्यवहार पावसाभोवती फिरतो, तिला पाऊस नसलेल्या नकाशावर बसवलं की ती फार हुशार दिसते.

‘अरे, गेम आहे तो, सगळंच कसं असेल?’ हे मला मान्य आहे. पण या गेममध्ये संकटं आहेतच. ती चालू केलीत तर उडती तबकडी येऊन रूळ फोडते. तबकडी ठेवायची आणि पूर नाही, ही निवड कोणीतरी केलेली आहे. आणि वेगळी निवड शक्य असते. २००३ च्या ‘रेलरोड टायकून ३’ मध्ये माल रेल्वेशिवायही हळूहळू रस्त्यानं आणि नदीनं सरकत राहतो. म्हणजे स्टेशन नसलेल्या गावालाही तिथे आयुष्य आहे. ‘ओपन-टीटीडी’त ज्या गावात कुणाची गाडी थांबत नाही ते जवळजवळ थिजून राहतं. महाड थिजलेलं नाही. एमआयडीसी आहे, महामार्ग आहे, एसटी आहे. आमच्या वाडीत तर रोपवेचं आख्खं टर्मिनल आहे. गडावर जाणाऱ्यांची रांग लागते आणि त्या रांगेवर कितीतरी घरं चालतात.

गेम ओपन सोर्स आहे, म्हणून टीका करून थांबायचं कारण नव्हतं. त्यात स्वतःचे नियम लिहून घालता येतात. मी एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. नकाशा सुरू होताना नदीकाठच्या प्रत्येक चौकोनाची उंची नोंदवायची, आणि दर जुलैत जेवढे चौकोन मूळ उंचीपेक्षा वर आलेले दिसतील तेवढे पैसे कंपनीच्या खात्यातून कापायचे. पूर दाखवणं मला जमलं नाही. फक्त पुराचं बिल आलं.

मग तोच नकाशा पुन्हा खेळलो. या वेळी मी सावित्रीवर लांब पूल टाकला. कोणी सांगितलं म्हणून नाही, परवडत नव्हतं म्हणून. महाड मात्र या वेळीही बाजूलाच राहिलं. त्यासाठी कुठला नियम लिहायचा, ते अजून सुचलेलं नाही. आणि स्क्रिप्टनं कापलेले पैसे कुठे जातात, म्हणाल तर कुठेच नाही. ते कंपनीच्या खात्यातून वजा होतात, महाडच्या बाजारपेठेत कुणालाही मिळत नाहीत.

तरीही गेम जरूर खेळा. कोळशानं सुरुवात करा, प्रवाशांना ठरलेलं गाव द्या, आणि जमलं तर आपल्याच तालुक्याचा नकाशा घ्या.